सातवा कॉन्स्टंटाईन नेमका कधी सम्राट झाला? बायझंटाईन घराण्यांची यादी करणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मध्ययुगीन ग्रीक, म्हणजे बायझंटाईन, सम्राटांची घराणेवार यादी तुम्ही करताय. सातव्या कॉन्स्टंटाईनची कारकीर्द एका पुस्तकात ९०८ पासून, दुसऱ्यात ९१३ पासून आणि तिसऱ्यात ९४५ पासून दिली आहे. मॅसेडोनियन घराण्याच्या यादीत मध्येच निकेफोरस फोकास येतो, आणि तो त्या घराण्यातला नाही. हेराक्लियसच्या एका सोन्याच्या नाण्यावर तीन माणसं उभी आहेत, त्यांतला सम्राट कोण हे कळत नाही. आणि घराणी होती तर इतकी बंडं का, हा शेवटचा प्रश्न.

आधी तारखांचं सांगते. तिन्ही पुस्तकं बरोबर आहेत. अडचण तुमच्या यादीच्या आखणीत आहे. ‘कारकीर्द’ असा एकच रकाना ठेवला की हे साम्राज्य त्यात मावत नाही, कारण तिथे सम्राट होणं ही एका दिवशी घडणारी गोष्ट नव्हती. मुकुट एका वर्षी मिळे, ज्येष्ठ सम्राटाचं स्थान दुसऱ्या वर्षी, आणि प्रत्यक्ष सत्ता कदाचित तिसऱ्याच वर्षी, किंवा कधीच नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसणारा दुसरा, असं अनेक दशकं चालू शकत होतं.

मुळात गादी कोणाला मिळावी याचा कायदाच नव्हता. हे लोक स्वतःला रोमन म्हणवत, आणि जुन्या रोमन समजुतीप्रमाणे सैन्य, सिनेट आणि राजधानीची जनता ज्याचा जयघोष करेल तो सम्राट. पाचव्या शतकापासून कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला सर्वोच्च धर्मगुरू, मुकुट चढवू लागला. पण त्याने निवडीवर शिक्कामोर्तब होई, निवड त्याची नव्हती. थोरल्या मुलाला हक्क आहे असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मग बाप मुलाला गादी कशी देणार? त्यावर एक साधा आणि परिणामकारक उपाय होता: स्वतः जिवंत असतानाच मुलाला सहसम्राट म्हणून मुकुट घालायचा. हा मुकुट ज्येष्ठ सम्राट स्वतःच्या हाताने चढवी. त्यामुळे बाप गेल्यावर गादी रिकामी होतच नसे. मुलगा आधीच सम्राट असे, त्याला पुन्हा राज्याभिषेक लागत नसे.

हा मुकुट म्हणजे काय होतं हे समजायला ७७६ सालचा प्रसंग फार उपयोगी आहे. चौथा लिओ सम्राट होता, त्याचा मुलगा सहावा कॉन्स्टंटाईन पाच वर्षांचा. मुलाला मुकुट घाला अशी मागणी सैनिकांनीच केली. लिओने त्यावर हमी मागितली, कारण आपण लवकर मेलो तर मुलाचा जीव जाईल ही त्याची भीती होती. प्रांतांच्या फौजा, सिनेट आणि शहरातले व्यावसायिक यांच्याकडून, लिओच्या वंशाशिवाय दुसरा सम्राट स्वीकारणार नाही, अशी शपथ घेतली गेली, तीही लेखी. मग ईस्टरच्या दिवशी हिप्पोड्रोममध्ये, म्हणजे राजधानीतल्या शर्यतींच्या मैदानात, मुकुट चढवला. म्हणजे ज्याला आपण घराणं म्हणतो ती प्रत्यक्षात अशी एक शपथ होती, आणि ती दर पिढीला नव्याने घ्यावी लागे. लिओची भीती खरी ठरली, फक्त धोका दुसरीकडून आला. ७९७ मध्ये त्या मुलाचे डोळे त्याची आई आयरीन हिच्या पक्षाने काढले, आणि तेही तो जिथे जन्मला त्याच राजवाड्यातल्या जांभळ्या दालनात. त्यानंतर ८०२ पर्यंत ती स्वतःच्या नावाने राज्य करत होती.

आता सातवा कॉन्स्टंटाईन. तो ९०५ मध्ये जन्मला. बाप सहावा लिओ, आई झोई कार्बोनोप्सिना. जन्माच्या वेळी दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. लिओच्या तीन बायका आधीच वारल्या होत्या आणि चौथं लग्न चर्चला मान्य नव्हतं. पॅट्रिआर्क निकोलसने मुलाचा बाप्तिस्मा केला तो झोईला दूर करण्याच्या अटीवर. लिओने अट मोडून तिच्याशी लग्न केलं, पॅट्रिआर्कने त्याला चर्चच्या दारातून परत पाठवलं आणि शेवटी पॅट्रिआर्कचंच पद गेलं. मुलाच्या वैधतेवर एवढा वाद असल्यामुळेच लिओने घाई केली आणि मे ९०८ मध्ये, जेमतेम तीन वर्षांच्या पोराला सहसम्राट केलं. तुमची पहिली तारीख ती.

मे ९१२ मध्ये लिओ गेला आणि त्याचा भाऊ अलेक्झांडर ज्येष्ठ सम्राट झाला. जून ९१३ मध्ये तोही गेला. आता मुकुटधारी एकच उरला, आठ वर्षांचा कॉन्स्टंटाईन. ही दुसरी तारीख. कारभार सात जणांच्या पालकमंडळाकडे गेला, त्याचा प्रमुख तोच निकोलस, कारण तोवर तो पुन्हा पदावर आला होता. ९१४ मध्ये झोईने कारभार घेतला. ९१९ मध्ये आरमाराचा सेनापती रोमानस लेकापेनस जहाजं घेऊन राजवाड्याच्या बंदरात शिरला. त्याने मुलाला हात लावला नाही. आपली मुलगी हेलेना त्याला दिली, आधी ‘सम्राटाचा पिता’ हा किताब घेतला, सप्टेंबर ९२० मध्ये सीझर (सम्राटाच्या खालोखालचा किताब) झाला आणि त्याच डिसेंबरात सहसम्राट. पायऱ्या पाहा: सासरा, पालक, सीझर, सम्राट. दीडएक वर्षात, कायदेशीर रूप न मोडता, तो जावयाच्या शेजारी जाऊन बसला आणि मग जावयाच्या पुढे गेला. ९२१ मध्ये त्याने आपल्या थोरल्या मुलाला, क्रिस्टोफरला, मुकुट घातला आणि पुढे त्यालाही कॉन्स्टंटाईनच्या वर बसवलं. ९२४ च्या ख्रिसमसला स्टीफन आणि कॉन्स्टंटाईन या धाकट्या दोघांनाही मुकुट मिळाले. ९२४ ते ९३१, म्हणजे क्रिस्टोफर मरेपर्यंत, साम्राज्यात एकाच वेळी पाच सम्राट होते. तुमच्या एकरकानी यादीत हे कुठे बसवणार?

डिसेंबर ९४४ मध्ये धाकट्या दोन मुलांनी बापालाच मठात धाडलं. शहरातल्या लोकांना वाटलं की आता सातव्या कॉन्स्टंटाईनचाही जीव जाणार, आणि ते राजवाड्यापुढे जमून त्याच्या नावाने ओरडू लागले. जानेवारी ९४५ मध्ये ते दोघे भाऊही बापाच्या मागोमाग हद्दपार झाले. ही तुमची तिसरी तारीख. वयाच्या चाळिशीत कॉन्स्टंटाईनला खरी सत्ता मिळाली आणि ९५९ पर्यंत टिकली.

म्हणून मी प्रत्येक नावापुढे हे रकाने ठेवते: सहसम्राट म्हणून मुकुट कधी आणि कोणाच्या हातून; ज्येष्ठ सम्राट कधी; कारभार प्रत्यक्ष कोणाच्या हाती; गादीवर येण्याचा मार्ग (मुलगा, सैन्याची घोषणा, लग्न, दत्तक, शहराचा उठाव); गादी कधी आणि कशी सुटली; आणि मृत्यू कधी. शेवटचे दोन एकत्र करू नका. पदच्युत होऊन मठात वर्षानुवर्षं जगलेले सम्राट बरेच आहेत. वर सांगितलेला रोमानसच ९४८ पर्यंत जगला.

याच आखणीत दुसरा बेसिल टाकून पाहा. मुकुट ९६०, वय दोन. बाप दुसरा रोमानस ९६३ मध्ये वारला, तेव्हा हा पाच वर्षांचा. ज्येष्ठ सम्राट झाला जानेवारी ९७६ मध्ये. पण कारभार पाहणारा त्याचा नातलग बेसिल लेकापेनस ९८५ पर्यंत हलला नाही. मृत्यू डिसेंबर १०२५. आता ‘बेसिलने किती वर्षं राज्य केलं’ याला पासष्ट, बासष्ट, एकोणपन्नास आणि चाळीस अशी चार उत्तरं निघतात. पुस्तकं बहुधा ९७६ धरतात. कुठलीही तारीख धरा, पण सगळ्यांसाठी तीच कसोटी लावा. बहुतेक याद्यांचा गोंधळ कसोटी मध्येच बदलल्यामुळे होतो: एकाला मुकुटापासून मोजायचं, दुसऱ्याला बाप मेल्यापासून.

निकेफोरस फोकासचा प्रश्नही इथेच सुटतो. ९६३ मध्ये दोन लहान मुलं, बेसिल आणि आठवा कॉन्स्टंटाईन, आधीच मुकुटधारी सम्राट होती. जुलैत सीझेरिया इथे फौजेने सेनापती निकेफोरसचा जयघोष केला, ऑगस्टमध्ये राजधानीत मुकुट मिळाला आणि सप्टेंबरात त्याने त्या मुलांच्या विधवा आईशी, थिओफानोशी, लग्न केलं. मुलं सम्राट राहिलीच, तो त्यांचा सावत्र बाप आणि ज्येष्ठ सहकारी झाला. डिसेंबर ९६९ मध्ये त्याचा भाचा जॉन झिमिस्केस याने त्याला शयनगृहात मारलं. पॅट्रिआर्क पॉलिउक्टसने जॉनला सांगितलं की थिओफानोला राजवाड्याबाहेर काढल्याशिवाय मुकुट नाही. त्याने ते केलं आणि पुढे सातव्या कॉन्स्टंटाईनची मुलगी थिओडोरा हिच्याशी लग्न केलं. तोही वारला, आणि ९७६ मध्ये ती दोन मुलं, आता तरुण, पुन्हा पुढे आली. म्हणून फोकास आणि झिमिस्केस यांची नावं मॅसेडोनियन घराण्याच्या आतच लिहायची, पण वेगळ्या खुणेने. घराणं तुटलं नव्हतं, ते दोघे त्याच्या आत शिरले होते.

याच घराण्याच्या शेवटी स्त्रियांचा हक्क किती खोल गेला होता हे दिसतं. आठव्या कॉन्स्टंटाईनला मुलगा नव्हता. १०२८ मध्ये त्याची मुलगी झोई पन्नाशीच्या घरात असताना तिचं रोमानस आर्गिरसशी लग्न लावलं गेलं आणि तो सम्राट झाला. तो १०३४ मध्ये मेल्यावर तिने चौथ्या मायकेलशी लग्न केलं, तो सम्राट. त्याचा भाचा पाचवा मायकेल तिने दत्तक घेतला, १०४१ मध्ये तो सम्राट. एप्रिल १०४२ मध्ये या दत्तक मुलाने तिला बेटावर हद्दपार केलं, आणि राजधानी पेटली. बायका, कारागीर, सगळे रस्त्यावर आले. झोईची बहीण थिओडोरा मठात होती, तिला आणून हागिया सोफियात, राजधानीच्या मुख्य चर्चमध्ये, सम्राज्ञी घोषित केलं. मायकेल स्टुडिओस मठात पळाला, तिथून ओढून त्याचे डोळे काढले. पुढचे दोनेक महिने दोघी बहिणींनी मिळून राज्य केलं. त्यानंतर झोईचा तिसरा नवरा, नववा कॉन्स्टंटाईन मोनोमाखस, सम्राट झाला. थिओडोरा १०५६ मध्ये वारली तेव्हा ८६७ ला सुरू झालेलं हे घराणं संपलं. माझ्या मते शहराने एखाद्या वंशाला इतकं आपलं मानल्याचं दुसरं इतकं ठळक उदाहरण या साम्राज्याच्या इतिहासात नाही. आणि या वंशाचा मूळपुरुष पहिला बेसिल याने ज्याने त्याला सहसम्राट केलं त्या तिसऱ्या मायकेलचा खून करूनच गादी घेतली होती.

बंडं इतकी का, याचं उत्तर आता निम्मं दिलेलंच आहे. निवड जयघोषाने होत असेल तर यशस्वी बंडही निवडच ठरतं: देवाने या माणसाला दिलं. फसलं तर तो गुन्हेगार. पण बंडखोर कायमच होते, आणि तरीही काही घराणी टिकली, काही नाही. फरक कशाने पडला? मी नेहमी आधी एकच गोष्ट तपासते: ज्येष्ठ सम्राट मेला तेव्हा वारसाचं वय काय होतं. ७८० मध्ये सहावा कॉन्स्टंटाईन नऊ वर्षांचा. ८४२ मध्ये तिसरा मायकेल दोन. ९१३ मध्ये आठ, ९६३ मध्ये पाच, हे वर आलं. ११८० मध्ये दुसरा अलेक्सियस अकरा. १२५८ मध्ये चौथा जॉन लास्कारिस सात. १३४१ मध्ये पाचवा जॉन पॅलिओलोगस जेमतेम नऊ. यांतल्या प्रत्येक वेळी सत्ता आई, मामा, सेनापती किंवा पालक यांच्या हाती गेली, आणि बहुतेक वेळा त्यांच्यापैकी कोणीतरी मुकुटही घेतला.

त्या मुलांचं पुढे काय झालं, हे मात्र काळावर अवलंबून होतं. दहाव्या शतकातली मुलं जगली. ११८३ मध्ये अलेक्सियसचा गळा आवळला गेला, १२६१ च्या ख्रिसमसला चौथ्या जॉनचे डोळे काढले, त्या दिवशी तो अकरा वर्षांचा झाला होता. हा फरक मला असा समजतो. दहाव्या शतकातल्या सेनापतीला स्वतःचं राजरक्त नव्हतं, त्याला मुलगा जिवंत हवा होता, कारण त्या मुलाच्या शेजारी बसण्यातच त्याची वैधता होती. कॉम्नेनस घराण्याने हे चित्र बदललं. पहिला अलेक्सियस एप्रिल १०८१ मध्ये आला आणि त्याने राज्य कुटुंबाच्या हाती दिलं. थोरल्या भावासाठी, इसाकसाठी, ‘सेबास्टोक्रेटर’ हा सीझरच्याही वरचा नवा किताब काढला. मुलंमुली, सुना, जावई, मेहुणे यांना किताब, जमिनी, सेनापतिपदं. बळकट सम्राट असेपर्यंत हे उत्तम चाललं: अलेक्सियस, दुसरा जॉन आणि मॅन्युएल या तिघांनी मिळून १०८१ ते ११८० हा काळ भरून काढला. पण याचा उलटा परिणाम असा, की शंभर वर्षांत राजरक्ताचे दावेदार डझनांनी तयार झाले. दुसऱ्या अलेक्सियसला मारणारा अँड्रोनिकस हा मॅन्युएलचा सख्खा चुलत भाऊ. त्याला त्या मुलाची गरजच नव्हती.

पुढचे अँजेलस सम्राट पहिल्या अलेक्सियसच्या थिओडोरा या मुलीचे वंशज. नायसियातला (१२०४ मध्ये राजधानी धर्मयुद्धाच्या फौजांच्या हाती गेल्यावर ग्रीक सम्राट तिथून राज्य करत) तिसरा जॉन वाटाट्झेस हा थिओडोर लास्कारिसचा जावई. १२६१ मध्ये राजधानी परत मिळवणारा आठवा मायकेल स्वतःला डूकास अँजेलस कॉम्नेनस पॅलिओलोगस म्हणवी. आडनावांची ही माळ शोभेसाठी नव्हती, आई-आजीकडून आलेला प्रत्येक दावा तिच्यात नोंदवलेला असे. म्हणून १०८१ नंतरच्या यादीत आईचं आणि बायकोचं घराणं यासाठी एक रकाना वाढवा. ‘कॉम्नेनस संपले, अँजेलस आले’ अशी सरळ रेघ मारलीत तर नातं दिसणारच नाही.

डोळे आणि नाक कापण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘गादी कशी सुटली’ या रकान्यात ते सतत येईल. सम्राट शरीराने अव्यंग असावा अशी समजूत होती, म्हणून प्रतिस्पर्ध्याला मारण्याऐवजी त्याला अपात्र करत. ६८१ मध्ये चौथ्या कॉन्स्टंटाईनने आपल्याच दोन सहसम्राट भावांची नाकं कापवली. ६९५ मध्ये त्याचा मुलगा दुसरा जस्टिनियन याचं नाक कापून क्रिमियात पाठवलं. तो ७०५ मध्ये परत येऊन पुन्हा गादीवर बसला, म्हणून त्याच्यासाठी दोन ओळी लागतात: ६८५–६९५ आणि ७०५–७११. त्यानंतर नाकावरचा भरवसा उडाला आणि डोळे काढण्याचा प्रकार वाढला. पदच्युत सम्राटाच्या मुलांना खच्ची करणं हाही त्यातलाच भाग. पहिल्या मायकेल रंगाबेचा असा एक मुलगा पुढे इग्नाटियस नावाने पॅट्रिआर्क झाला. गादी बंद झाली तरी चर्च आणि दरबार खुले राहत.

आता तुमचं नाणं. सॉलिडस हे सोन्याचं नाणं, एका रोमन पौंडाला ७२, म्हणजे वजन सुमारे साडेचार ग्रॅम. (पाचव्या-सहाव्या शतकातली अशी नाणी दक्षिण भारतातही सापडली आहेत, बरीचशी भोक पाडून दागिन्यात ओवलेली.) तीन आकृत्या असतील तर मधला ज्येष्ठ. लांब दाढी ज्येष्ठाची. आखूड दाढी किंवा दाढीच नसणं, आणि लहान उंची, हे धाकटेपणाचं लक्षण. तुमच्या नाण्यावर मधला लांब दाढीवाला हेराक्लियस. एका बाजूला थोरला मुलगा हेराक्लियस कॉन्स्टंटाईन, याला मुकुट ६१३ मध्ये मिळाला. दुसऱ्या बाजूला धाकटा हेराक्लोनास. हेराक्लोनासच्या डोक्यावर मुकुट आहे का ते बारकाईने पाहा. जुलै ६३८ पर्यंत तो नुसता सीझर होता. मुकुट नसेल तर नाणं त्याआधीचं, असेल तर ६३८ ते ६४१ मधलं. दोनच आकृत्या असतील तर बघणाऱ्याच्या डावीकडचा बहुधा ज्येष्ठ. दोघांनी मिळून एक क्रूस धरला असेल तर दांड्यावर ज्याचा हात वर तो ज्येष्ठ.

यात फसण्याच्या दोन जागा आहेत. आठव्या शतकातले इसॉरियन सम्राट मेलेल्या वडीलधाऱ्यांनाही नाण्यावर ठेवत. चौथ्या लिओच्या सॉलिडसवर एका बाजूला तो आणि त्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला दिवंगत तिसरा लिओ आणि पाचवा कॉन्स्टंटाईन. तिसऱ्या लिओचं नाव वाचून नाणं ७४१ च्या आधीचं ठरवलंत तर काही दशकांची चूक होईल. घराण्याचा दावा सांगण्याची ती पद्धत होती: चार पिढ्या, एकच सोनं. दुसरी जागा तांब्याची. झिमिस्केसपासून पहिल्या अलेक्सियसपर्यंत, साधारण ९७० ते १०९२, तांब्याच्या बहुतेक फॉलिस नाण्यांवर सम्राटाचं नावच नाही, ख्रिस्ताची प्रतिमा आणि मजकूर आहे. त्या नाण्यांवरून सम्राट ठरवायच्या फंदात पडू नका, फार तर गट ठरवता येतो.

तारखांचं गणित एकदा शिकून घ्या, म्हणजे पुस्तकांतला एका वर्षाचा फरक छळणार नाही. त्यांचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होई आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजलं जाई. जानेवारी ते ऑगस्टमधली घटना असेल तर त्यांच्या सालातून ५५०८ वजा करा, सप्टेंबर ते डिसेंबरमधली असेल तर ५५०९. शिवाय इंडिक्शन नावाचं पंधरा वर्षांचं चक्र असे. सृष्टिसालाला १५ ने भागा, बाकी येईल ते इंडिक्शन, बाकी शून्य आली तर पंधरावं. राजधानी पडली ते साल ६९६१, महिना मे: ५५०८ वजा करून १४५३, आणि १५ ने भागून बाकी एक, म्हणजे पहिलं इंडिक्शन. साल आणि इंडिक्शन जुळत नसतील तर लेखनिकाची किंवा वाचणाऱ्याची चूक आहे असं समजून मूळ मजकूर पुन्हा पाहायचा.

क्रमांकांवर फार विसंबू नका. ते आधुनिक इतिहासकारांनी दिले. सम्राट स्वतः ‘सातवा’ म्हणवत नसत. सहसम्राट असून क्रमांक न मिळालेले कॉन्स्टंटाईनच बघा: पाचव्या लिओचा मुलगा, पहिल्या बेसिलचा थोरला मुलगा, रोमानस लेकापेनसचा धाकटा, सातव्या मायकेल डूकासचा मुलगा. आणि ज्याला आपण दुसरा कॉन्स्टन्स म्हणतो त्याचं नाव त्याच्या नाण्यांवर कॉन्स्टंटाईन असंच आहे. घराण्यांच्या नावांचंही तेच. इसॉरियन घराण्याचा मूळपुरुष तिसरा लिओ उत्तर सीरियाच्या सीमेवरच्या जर्मानिकियाचा, आणि मॅसेडोनियन पहिला बेसिल आर्मेनियन मुळाचा, थ्रेसमधल्या मॅसेडोनिया नावाच्या प्रांतातला. ही नावं खूण म्हणून वापरा, उगम म्हणून नको.

सुरुवात कुठून करायची ते सांगते. ३३० पासून सुरू करू नका, पहिल्या काही शतकांत रोमन पद्धतीची निवड इतकी वेगळी आहे की आखणी पक्की व्हायच्या आधीच दम निघेल. ८६७ ते १०५६ हा तुकडा आधी भरा, त्यात सगळे प्रकार येतात: खून, मुकुट, पालक, सासरा, सावत्र बाप, दत्तक, दोन बहिणी. मग १०८१ ते ११८५. मग ६१० ते ८६७ मागे जाऊन. ११८५ ते १२०४ चा तुकडा लहान आहे, पण तारखा जपून भरा, कारण दुसरा इसाक अँजेलस दोनदा येतो: ११८५–११९५ आणि १२०३–१२०४. १२०४ ला चौथ्या धर्मयुद्धाच्या फौजांनी राजधानी घेतली, तिथे कागद बदला. नायसिया आणि ट्रेबिझोंड या राजधानीबाहेरच्या ग्रीक राज्यांसाठी दोन वेगळी पानं करा. ट्रेबिझोंडचे कॉम्नेनस १४६१ पर्यंत स्वतःला सम्राट म्हणवत होते, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडल्यावरही आठ वर्षं.

पॅलिओलोगस घराणं, १२५९ ते १४५३, सर्वांत लांब आणि भरायला सर्वांत त्रासाचं. पाचव्या जॉनचीच ओळ १३४१ ते १३९१ अशी आहे, पण तिच्या आत सासरा सहावा जॉन कांटाकुझेनस (१३४७–१३५४), मुलगा चौथा अँड्रोनिकस (१३७६–१३७९) आणि नातू सातवा जॉन (१३९० मध्ये काही महिने) असे तिघे येऊन जातात. प्रत्येकासाठी ‘आत शिरलेला’ ही खूण करा. आणि शेवटच्या अकराव्या कॉन्स्टंटाईनच्या ओळीत मुकुटाचा रकाना रिकामाच सोडा. ६ जानेवारी १४४९ रोजी दक्षिण ग्रीसमधल्या मिस्त्रास इथे त्याची सम्राट म्हणून घोषणा झाली आणि मार्चमध्ये तो राजधानीत पोचला, पण रोमच्या चर्चशी केलेल्या एकीवरून शहरात इतकी फूट होती की हागिया सोफियात पॅट्रिआर्कच्या हातून राज्याभिषेक झालाच नाही. वारस म्हणून मुलगाही नव्हता. तरी त्याला सम्राट न म्हणणारं पुस्तक तुम्हाला सापडणार नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या जुन्या नियमाप्रमाणे जयघोष पुरेसा होता.